आईला दाखवायचं ताट

दिवसभर इस्पितळात आजाऱ्यांना ‘वेळेवर जेवा’ असं बजावून खोलीवर परतलेल्या पोरीच्या अंगात स्वतःसाठी शेगडी पेटवण्याचंही त्राण उरत नसे. परदेशात आहारशास्त्र शिकणाऱ्या या लेकीचं भरलेलं ताट व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय तिकडे आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मग काल पोरीने शक्कल लढवली. किती खावं हे रुग्णांना दाखवायला कॉलेजने दिलेला रबरी भात, रबरी मासा आणि टोमॅटोच्या रंग उडालेल्या रबरी चकत्या तिने ताटात वाढल्या. ते बघून आईचा जीव भांड्यात पडला. आज तेच ताट आई निरखतच राहिली. “जेव की.” “गरम आहे गं, आई.” “मग वाफ कुठाय? आणि टोमॅटोचा रंग कधी उडतो का?” पोरीने हळूच रबरी ताट बाजूला सरकवलं. आईने स्वतःचं वाढलेलं ताट झाकलं. “ऊठ बाळा, खराखुरा भात टाक. तो शिजेपर्यंत मीही थांबते.”