पिसांचा सूट

हिमालयातल्या आठ हजार मीटरच्या शिखरावर गाइडसोबत जाणाऱ्या मोहिमेत माझं नाव पक्कं झालं, तेव्हापासून आईचं एकच पालुपद: "थंडीनं मरशीन. जाऊ नको." पिसं भरलेला जाडजूड सूट घरी आला, तरी ती ऐकेना.

शेवटी मेच्या भर दुपारी मी तिला स्कूटीवर बसवलं आणि नाचणगावहून थेट पुलगावला, रूपरावकाकांच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं.

"या वहिनी," काका म्हणाले. "बाहेर तं उनानं जीव चाल्ला."

लाद्या ठेवायच्या खोलीत मी सूट चढवला, टोपी ओढली आणि मजेत उभी राहिले. साध्या सुती साडीत आई काकडत होती. तिने माझ्या गळ्याशी हात घालून पाहिला.

"अवं, तू तं घामानं ओली झाली!"

"मग? पटलं आता?"

"तुह्या बोलण्यावर भरोसा नाई. मले घालू दे."

आता मी कुडकुडत होते. आईने चेन हनुवटीपर्यंत ओढली, दोन पावलं चालून पाहिली आणि एका आडव्या लादीवर चढून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काकांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या.

"आई, जाऊ ना मी?" माझे दात वाजत होते.

"जाजो ना. तुले कोन नाई म्हनते?" ती काही लादीवरून उतरेना. "पन तुह्या त्या गाइडले फोन लाव. माह्या मापाचा सूट भेटते का, विचार."