रूफस टॅलबर्टचा नवा करार

रूफस टॅलबर्टचं कोपर जबड्यावर बसलं आणि काहीतरी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःच्याच हाडातून ऐकू आला. बास्केटकडे झेपावलेला सेंट लुईसचा जेव्हियन क्रोल हवेतच वाकडा झाला आणि पाठीवर आदळला. कोर्टच्या चकचकीत लाकडावर रक्ताचा ओघळ गेला. त्यात एक दात होता.

पुढच्या क्षणी सेंट लुईसचे खेळाडू रूफसवर तुटून पडले. कुणी त्याची जर्सी फाडली, कुणी बरगडीत ठोसा हाणला. रूफसने एकाला मानगूट धरून पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर भिरकावलं, दुसऱ्याचं नाक फोडलं. आणि मग ते त्याच्या कानावर आलं. "रू-फस! रू-फस!" सगळं पिट्सबर्ग उभं राहून किंचाळत होतं. सबंध मोसमात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

तो पिट्सबर्गच्या बास्केटबॉल संघाचा राखीव सेंटर, म्हणजे बास्केटखाली रेटारेटी करणारा गडी होता. मुख्य सेंटर दमला की आत जायचं, धक्के खायचे, परत येऊन बाकावर बसायचं. उन्हाळ्यात करार संपणार होता. तिशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला कुठला संघ घेणार? म्हणून वर्षभर सरावानंतर तो एकटा मागे थांबून कोपऱ्यातून लांबचे शॉट मारायचा. हात चांगला बसला होता. दाखवायची संधी मात्र आली नाही. त्या रात्री सामना हातचा जाऊ लागला तेव्हा कोच डॉनेलीने त्याची मान धरून कान जवळ ओढला.

"तो क्रोल पोरगा आपल्याला सोलून काढतोय. आता आत घुसला की आडवा कर. नवा करार हवाय ना?"

रूफसने आडवा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटचा फोन आला. "संपलं, बाबा. आता तुला कुत्रंसुद्धा विचारणार नाही." रूफसने फोन ठेवला आणि तो इस्पितळात गेला.

काचेपलीकडे पोरगा पडला होता. जबडा तारांनी बांधलेला, तोंड सुजून ओळखू न येणारं. बाहेर खुर्चीवर त्याची आई ओडेसा बसली होती. रूफसने टोपी काढली.

"मॅडम, मी..."

"ओळखते. बस."

तो बसला. ती ओरडेल, थुंकेल, याची वाट पाहत राहिला. ती नुसती काचेकडे बघत राहिली. त्यापेक्षा थुंकली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात कॉफीचा पेला घेऊन सेंट लुईस संघाचा व्यवस्थापक हॅल्पर्न आला. रूफस उठायला लागला, तर त्याने खांदा दाबून खाली बसवलं.

"बरा सापडलास. तुझा करार संपेपर्यंत तुझ्याशी बोलायची मला मुभा नाही, तेव्हा हे तू ऐकलेलं नाहीस. उन्हाळ्यात मोकळा झालास की दुसऱ्या कुणाचं दार ठोठावू नकोस. तीन वर्षांचा करार, आमच्याकडे."

रूफसला कळेना. "साहेब, मी याचा जबडा मोडलाय."

"म्हणूनच तर. तू शेजारी उभा असलास की याच्यावर कोपर उगारायची कुणाची छाती होणार नाही. आणि कुणी उगारलंच..." हॅल्पर्नने कॉफीचा घोट घेतला.

"मला लांबून शॉट येतो," रूफस म्हणाला. "कोपऱ्यातून."

हॅल्पर्न हसला. "अरे, तुला शॉट मारायला कोण सांगतंय?"

रूफसचे कान तापले. पण त्या लाजेखाली त्याला हायसं वाटत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्याने ओडेसाकडे पाहिलं. ही कसली हे होऊ देते? नाहीच म्हणणार. तिने नाहीच म्हणावं, असंही त्याला क्षणभर वाटून गेलं.

ओडेसा काचेपलीकडे बघत होती. मग तिने हॅल्पर्नला विचारलं, "हा असला तर माझ्या पोराला पुन्हा कुणी हात लावणार नाही?"

"नाही."

"मग घ्या याला."

"येतो, साहेब," रूफस म्हणाला.

ओडेसा उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळा जोर एकवटून तिने त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. दूरची नर्स दचकून वळली.

"ही माझी नाही," ओडेसा म्हणाली. "तू आता ज्याला फोडशील, त्याच्या आईची आहे."