दुधाचे दोन थेंब

भिवपुरीच्या डोंगरात जन्मभर कोळशाच्या भट्ट्यांचा धूर खाऊन पारू म्हातारीचे डोळे कोरडेठाक पडले होते. पापणी मिटली की आत खडे टोचायचे. शेजारची बाळंतीण ठमी रोज दुपारी येऊन त्यांत अंगावरच्या दुधाचे दोन थेंब पिळायची, तेवढाच थंडावा. पण म्हातारी रोज बजावायची, "आदी लेकराला पोटभर पाज. उरलं तरच मला."

मानमोडीच्या तापानं वाडी आडवी झाली. त्यातच एक दिवस ठमी सकाळीच आली, म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आज दूध धारेनं आलं, गालांवरून कानांत ओघळलं.

"अगं, पुरं! लेकराला ठेव की गं!"



"लेकरू गेलं, आजे. दुधाला अजून कळलं नाय."