गिअरबॉक्सचं वजन

शेवटचा बोल्ट सुटला आणि गिअरबॉक्स दादाच्या छातीवर आला. गाडी स्टँडवर चढवलेली, दादा तिच्याखाली उताणा आणि मागचं टोक धरायला बाजूला छोटू. हा छोटू पन्नाशी उलटलेला होता, पण धाकट्या भावाची त्या नावातून सुटका कशी होणार?

तीस वर्षं दोघं भाऊ गिअरबॉक्स असेच उतरवत आले होते. थोरल्याने छातीवर घ्यायचा, धाकट्याने टोक उचलून धरायचं, मग दोघांनी मिळून तो अलगद बाजूला काढायचा. गेल्या वर्षी छोटूने या कामासाठी खास जॅक आणला, तेव्हा दादाचं डोकंच फिरलं होतं. "मला म्हातारा समजतोस काय?" तेव्हापासून जॅक कोपऱ्यात उभा होता आणि दोघे त्याच्यावर शर्ट अडकवत होते.

पण या वर्षात दादा मेटाकुटीला आला होता. दर खेपेला गिअरबॉक्स आधीपेक्षा जड लागे. घरी पाठ शेकताना तो बायकोलाही नीट काही सांगत नसे. ज्याच्या ताकदीचं गल्लीभर कौतुक, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?

आज मात्र गिअरबॉक्स घसरला. त्याची कडा बरगडीत रुतली आणि दादाचा श्वासच अडकला. कसाबसा कुशीवर वळत त्याने तो फरशीवर लोटला आणि सरपटत गाडीखालून बाहेर आला. दोघं भिंतीला टेकून बसले.

"यापुढे जॅक वापर," शेवटी दादा म्हणाला. "आणि गॅरेजही तूच सांभाळ. माझ्यात काही राम उरला नाही रे. वर्षभर लपवलं तुझ्यापासून. साधा गिअरबॉक्स पेलवत नाही मला." बोलता बोलता त्याला रडू आलं आणि धाकट्यासमोर रडल्याची लाजही वाटली.

छोटूने मान खाली घातली. डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून त्याने मांडीवर ठेवला.

"पेलत होतास की, दादा. एकटाच पेलत होतास. जॅक मी माझ्यासाठी आणला होता. वर्षभर मी नुसता हात लावून बसायचो."