चाक बदलता आलं पाहिजे

“काढ परत,” सासू म्हणाली.

सुनेने आत्ताच कुठे शेवटचा नट आवळून कपाळाचा घाम पुसला होता. सकाळपासून हे मागचं चाक तिने दोनदा काढलं होतं, दोनदा बसवलं होतं. आता तिसरी खेप.

“आई, बसलंय की नीट.”

“बसलंय, पण अर्धा तास लागला. उद्या डॉक्टर काय माझ्यासाठी सुरी हातात धरून ताटकळत बसणारेय?”

उद्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, दहाच्या ठोक्याला. चार महिन्यांनी मिळालेली तारीख. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्यावर पडदा चढत होता. तारीख हुकली तर उजव्याचीही आशा सोडा, असं डॉक्टरने बजावलं होतं. वाट तीन तासांची, मध्ये नुसता उजाड माळ. मुलगा कामासाठी परगावी गेलेला, परवा येणार. म्हणजे गाडी सुनेनेच न्यायची.

लग्नाआधी ती चालवायची. माहेरून आलेलं लायसन तीन वर्षं सासूच्या कपाटात पडून होतं. गाडी चालवणं हात विसरले नव्हते. पण ती वाटेत रुसली तर काय करायचं, हे तिला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. सासू शाळेत दुसरीच्या पुढे गेली नव्हती, पण सासऱ्यांच्या भाड्याच्या जीपने तिला सगळं शिकवलं होतं. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायची.

सुनेने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकाला दगड लावला आणि जॅक उचलला.

“झालं! आधी नट सैल कोण करणार, तुझा काका? चाक अधांतरी गेलं की पान्याबरोबर गरगर फिरेल आणि तू बघत बसशील.”

सुनेने जॅक खाली ठेवला, पाना लावला आणि जोर दिला. नट हलेना.

“जिन्यावरून पडले तेव्हापासून खांद्यात ताकद येत नाहीये, आई.”

“मग हाताने कशाला झोंबतेस? पान्यावर पाय दे. पाय काही पडले नव्हते ना जिन्यावरून?”

सुनेने पाय दिला. नट करकरला आणि सुटला. सासूने लगेच पुढच्या नटाकडे बोट केलं. तिच्याकडून हीच शाबासकी.

दुपारी बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघायची. गरम रेडिएटरचं झाकण जीव गेला तरी उघडायचं नाही. बॅटरी बसली तर लाल चिमटा लालला, आणि काळा शेवटी, इंजिनाच्या लोखंडाला. सासू विचारायची, सून सांगायची, चुकलं की टोमणा ठरलेला.

“तुमच्या घरी गाडी होती की नुसतं गाडीचं चित्र?”

सुनेला हसू आलं. कधी आलं होतं शेवटचं, आठवेना. या घरात माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलायची. तिचा फोन दुरुस्तीला गेलेला, दोन महिने झाले तरी नवऱ्याने दुकानातून आणला नव्हता. शेजारीण आली तर दारातूनच परत जायची. आज निदान कोणीतरी दिवसभर तिच्याशी बोलत होतं. टोमणे तर टोमणे.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. रोज याच वेळी वाजायचा. सासूने घेतला.

“हो, दोघी घरातच. जाणार कुठे? उद्या? उद्याही घरातच.”

सुनेने विचारलं, “त्यांना ऑपरेशनचं सांगितलं नाहीत?”

“गाडी तू नेणार म्हटलं की मोडता घालेल. डोळा माझा आहे, त्याचा नाही. जा, टायरमधली हवा बघ. स्टेपनीचीही. सगळे स्टेपनीलाच विसरतात.”

सकाळी उजाडताच सुनेने गाडी दारापुढे आणली. सासूने पिशवी मागच्या सीटवर ठेवली. एका दिवसाच्या कामाला पिशवी भलतीच फुगलेली होती, पण म्हातारीच्या पिशवीत काय आहे हे विचारायची या घरात कोणाची छाती नव्हती. सुनेने आतून हात लांबवून शेजारचं दार उघडलं. सासूने ते बाहेरून लावून टाकलं.

“आई? बसा ना. दहाला पोचायचंय.”

“पिशवीत तुझे कपडे आहेत. शाळेचे दाखले, लायसन, सगळं. दवाखान्याकडे उजवीकडे वळतात, तू डावीकडे वळ. तुझ्या आईला फोन केलाय, ती फाटकात उभी राहील.”

सुनेचा हात स्टिअरिंगवरच राहिला.

“आणि तुमचा डोळा? तारीख?”

“गेली तर गेली. या घरात बघण्यासारखं बघून झालंय माझं.”

“तुम्ही पण चला ना. ते उद्या आले की तुम्हाला—”

“मला काय करेल? मी त्याची आई आहे. आणि दारात विचारायला कोणीतरी हवंच, नाहीतर आल्याआल्या तुझ्यामागे धावेल. चल, पहिला गिअर टाक.”

सुनेला समोरचं काही दिसेना. तिने डोळे पुसले. “चाकाचं कालपासून एवढं… का, आई?”

सासूने खिडकीच्या काचेवर हात टेकला.

“मीही एकदा निघाले होते, त्यांची जीप घेऊन. अर्ध्या वाटेत चाक बसलं. मला बदलता येत नव्हतं. तुझे सासरे आले, चाक बदललं आणि मला घरी घेऊन आले. त्यानंतर शिकले मी सगळं; पण तोवर तुझा नवरा पोटात होता.”