खिडकीकडे बावीस, दाराकडे चार

सहाव्या दिवशी सरांनी बरणीत हात घातला आणि अँब्युलन्सवाल्याची चिठ्ठी काढली.

उन्हाळी विचार-शिबिराचा तो नियमच होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला छळणारा एक प्रश्न लिहून बरणीत टाकायचा. खाली सही नाही, आत कोणाचं नाव नाही. माणसांच्या जागी अ, ब, क. रोज एक चिठ्ठी निघायची आणि सव्वीस-सत्तावीस शहाणी डोकी तिच्यावर तुटून पडायची. पाच दिवस दुसऱ्यांच्याच निघाल्या. उद्या शिबिर संपणार, वहिनीला काय सांगायचं, या काळजीने अँब्युलन्सवाल्याला सकाळचा चहाही गेला नव्हता.

सरांनी चष्मा लावला. "'अ' अँब्युलन्स चालवतो. 'क'ला आणायला निघाला आहे. रस्त्यात फोन येतो, सख्खा भाऊ 'ब' छाती धरून खाली बसला. 'ब'चं घर चौकातून डावीकडे चार मिनिटांवर. कंट्रोल रूम सांगते, तू 'क'कडेच जा, 'ब'साठी दुसरी गाडी पाठवतो. 'अ' सरळ जातो. 'क'ला नुसती चक्कर आलेली, पायरीवर बसून पाणी पीत होता. दुसरी गाडी पोचेपर्यंत 'ब' गेला. 'अ'चं बरोबर की चूक?"

"वा," सर म्हणाले. "काय नेटकं उदाहरण रचलंय! खऱ्या आयुष्यात एवढं नेटकं काही घडत नाही."

अँब्युलन्सवाला मान खाली घालून बसला. 'ब' त्याचा थोरला भाऊ. आठ महिने वहिनी त्याच्यापुढे ताट ठेवून न बोलता आत जात होती. शिबिराला निघाला त्या दिवशी तेवढी बोलली. "शिकलेली माणसं जमणार आहेत ना, भाऊजी? त्यांना विचारा. ते म्हणतील ते मी ऐकेन. तुमच्या तोंडून मला काही नको."

म्हणून तो कान देऊन ऐकत होता. निवृत्त इंजिनिअर म्हणाले, माहिती अपुरी आहे, 'ब'ला आधीपासून त्रास होता का ते दिलेलं नाही. तर्कशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर चौक काढला आणि डावीकडचा बाण उजवीकडे दाखवला. तो कोणी दुरुस्त केला नाही. सर रंगात आले. समजा 'क' मोठा शास्त्रज्ञ असता तर? समजा 'क'च्या जागी पाच माणसं असती तर? मागून कोणीतरी म्हणालं, "भावाच्या जागी सासरा धरा, प्रश्नच मिटला." सगळे पोट धरून हसले. बाईसुद्धा हसल्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काही उगीच नाही.

एकदा त्याने हात वर केला. "कंट्रोल रूमचं ऐकलं नाही तर नोकरी जाते," तो म्हणाला.

"नोकरीचा मुद्दा उदाहरणात नाही," सर म्हणाले. "आपण आपल्या पदरचं घालायचं नाही."

तासाभराने कौलाची वेळ झाली. बरोबर म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचं, चूक म्हणणाऱ्यांनी दाराकडे. मध्ये कोणी उभं राहायचं नाही. तो मध्येच उभा राहिला.

"तुम्ही मोजा हो," सर म्हणाले. "अँब्युलन्स म्हणजे तुमचंच खातं म्हणा. तुम्हाला कौल द्यायला लावणं बरं नाही."

त्याने मोजलं. खिडकीकडे बावीस. त्या खोलीत एकच पंखा चालत होता आणि तो खिडकीकडे होता. दाराकडे चार. दाराबाहेर चहाचं टेबल मांडलेलं होतं आणि चौघांपैकी दोघांनी कप आधीच हातात घेतले होते. उरलेले दोघे हे नवराबायको, रोज सगळ्यांच्या आधी निघणारे. त्याने सगळं पाहिलं आणि दोन्ही आकडे मोठ्याने सांगितले.

"प्रचंड बहुमत. 'अ' सुटला," सर म्हणाले आणि चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. "चला, चहा."

बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन त्याने घरी फोन लावला. वहिनीनेच उचलला.

"काय म्हणाले?"

"बावीस जण म्हणाले, बरोबर केलं."

"किती होते एकूण?"

तिच्याशी खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही. "सव्वीस."

"म्हणजे चौघांनी चूक म्हटलं." त्याला वाटलं, ते चौघे दाराकडे का गेले ते सांगून टाकावं. पण मग बावीस जणांच्या पंख्याचंही सांगावं लागलं असतं.

"बरं," वहिनी म्हणाली. "ऐकेन म्हणाले होते, ऐकलं. उद्यापासून तुमच्याशी बोलेन, भाऊजी. पण त्या चौघांना माझा नमस्कार सांगा. विसरू नका."

फोन ठेवला गेला. सांगितलेलं काम टाळायची त्याला कधी सवयच नव्हती. तो चहाच्या टेबलाकडे गेला. चौघे तिथेच होते, बिस्किटांच्या बशीभोवती, उद्याच्या गाड्यांच्या वेळा बोलत. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"तुम्हाला वहिनीने नमस्कार सांगितलाय."

"कोणाच्या वहिनीने?" त्यातल्या एकाने बिस्किट चहात बुडवत विचारलं.

"'ब'च्या बायकोने," तो म्हणाला.