सोराइदाचं कपाट

"इथे मूलबाळ कुणी नाही," दार अर्धंच उघडून सोराइदा म्हणाली.

एउलालियाबाई बघतच राहिल्या. त्यांच्या एका हातात पोलिओच्या थेंबांचा, बर्फ घातलेला थर्मास, काखेत मुलांच्या नावांची वही. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कपडे शिवायच्या त्या. त्यांच्याशी असलं खोटं बोलायचं म्हणजे कमालच. पण घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"अगं, काल दुधाच्या रांगेत माझ्यापुढे उभी होतीस. ते दूध कोण पितं?"

"मांजर," सोराइदा म्हणाली. कपाटाकडे बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. क्यूबातलं सगळं हवाना शहर हेच बोलत होतं. सरकार याद्या करतंय, एक दिवस ट्रक येणार, पोरं बोटीत घालून रशियाला नेणार. पोलिओचं नुसतं निमित्त. थेंबसुद्धा रशियाचेच!

बाई उंबऱ्यावरच टेकल्या. "काल या चाळीत पोरांच्या आरडाओरड्याने कान किटले होते. आज जो तो म्हणतो, पोर आजीकडे गेलंय. मागच्या उन्हाळ्यात बेकरीवाल्याची लिडिया तापली आणि तिसऱ्या दिवशी पाय गेले तिचे. विसरलात सगळ्या?"

सोराइदा विसरली नव्हती. लिडियाच्या पायातल्या लोखंडी पट्ट्या रोज गल्लीतून खडखडत जायच्या. आवाज आला की सोराइदा आपल्या पोरीच्या पोटऱ्या चाचपून बघायची. कोणत्या भीतीला जास्त भ्यायचं, तेच तिला कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात कपाटातून आवाज आला, "म्याँव."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटून जमिनीवर ठेवली. "नाव लिहीत नाही. तोंड तेवढं उघडू दे तिला."

कपाटाचं दार वीतभर किलकिलं झालं. चार वर्षांच्या ओडालिसचं घामेजलेलं तोंड बाहेर आलं. बाई आत आल्या आणि तिच्या जिभेवर थेंब पडले.

"दुसरा डोस एप्रिलात," वही उचलत बाई म्हणाल्या. "पण नाव नाही, तर तेव्हा तुझ्या दारात कोण येणार, पोरी? माझी साठी उलटली. माझ्या काही लक्षात राहायचं नाही."

त्या जिन्यापर्यंत पोचल्या आणि सोराइदाने हाक मारली.

"थांबा! लिहा. ओडालिस, वय चार."

मग तिने कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली.

"आणि ही चाळीतली बाकीची सात पोरं. यांच्या आयांना मी सांगते."